दोनशे बारा नंबरचा म्हातारा

८ जानेवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. पत्राच्या वरच विनंती लिहायची पद्धत आहे, पण माझी विनंती खरोखरीची आहे, म्हणून ती खाली सावकाश लिहिते. फोन केला असता. पण फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुमच्या सूनबाईंना सगळं ऐकू येतं.

आधी चांगली बातमी. परवाना कचेरीच्या यादीत मी पहिली आले. सात वर्षं लागली.

तुम्ही इथून जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून हल्लीची तऱ्हा सांगते. शहरात टॅक्सी चारशे. हा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला हे विचारायचं नाही. शहर तिप्पट झालं, आकडा तेवढाच. चारशेतला एखादा परवानाधारक मेला किंवा त्याने आपणहून परवाना परत केला, तरच एक मोकळा होतो आणि यादीतल्या पहिल्याला मिळतो. गैरवापरामुळे रद्द झाला तर मात्र तो क्रमांकच खोडतात. तो मग कोणालाच नाही. आणि यादीत टिकायचं तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार नंबरच्या खिडकीशी जाऊन सही करायची. एक सोमवार चुकला की थेट शेपटाला. मी चौऱ्याऐंशी सोमवार केले, मामा. ह्यांच्या हाताचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही आधी सही आणि मग दवाखाना. हे अजून ते ऐकवतात.

आता घोडं अडलंय कुठे ते ऐका. १९ जूनला मला पंचेचाळीस पूर्ण होतात, आणि पंचेचाळिशीनंतर पहिला परवाना मिळत नाही. नव्या माणसाची नजर तोवर मंदावते म्हणे. एकदा मिळाला की मात्र नव्वदीपर्यंत ठेवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढवा, कोणी हरकत घेत नाही. वर्षातून एकदा, मार्चअखेरपर्यंत, हयातीचा दाखला धाडला की झालं. म्हणजे आंधळ्याला ठेवता येतो, मला घेता येत नाही.

अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवली, साधा आरसा कधी कुठे घासला नाही. शाळेने स्वतःच्या बस घेतल्या आणि मला एक पेला देऊन निरोप दिला. आता लाँड्रीत दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालते. ह्यांचा उजवा हात ऑपरेशननंतर बधिरच राहिला. सोफे शिवणाऱ्याचा हात, त्याला सुई टोचलेली कळत नाही. घरमालकाने जूनअखेर घर रिकामं करा म्हणून कागद दिलाय. पतपेढी गाडीसाठी कर्ज द्यायला तयार आहे, परवाना तेवढा दाखवा म्हणते.

तर विनंती अशी. तुम्ही इथे एकतीस वर्षं टॅक्सी चालवली. तुमच्या जुन्या मंडळींपैकी कोणी परवाना परत करायच्या विचारात असेल तर त्याच्या कानावर माझं नाव घाला. पाच महिने आहेत.

तुमची,
भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. यादीत पहिली आलीस, शाबास. शाळेत कधी आली नाहीस.

जुन्या मंडळींचं विचारतेस. जाड्या गेला. गिअरतोड्या गेला. शिट्टी परवाच गेला म्हणतात, पण तो आधीपासूनच कुणाला ओळखत नव्हता, त्यामुळे नक्की कधी गेला ते सांगणं अवघड. कोणाच्या कानावर घालू? राहिलो मी. आणि मी तर इथे कोपऱ्यातल्या खोलीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. मशीन फिरायला लागलं की माझा पलंगही थोडा फिरतो. माझं तिथलं सगळं आता जुनं झालं, ते उकरू नकोस.

माझं ऐकशील तर हा नाद सोड. टॅक्सीत पाठ जाते, मूळव्याध येते, आणि दिवसभर लोक तुझ्या मानेशी बोलतात. बाईमाणसाने तर मुळीच. रागावशील, रागव. लाँड्रीत निदान सावली आहे.

माझं बरं चाललंय. पेन्शन येतं ते एक तारखेला जेवणाच्या टेबलावर ठेवतो. त्या दिवशी सूनबाई चहात साखर घालते. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं? कोणापुढे हात पसरायला नको, एवढंच.

जावईबापूंना सांग, बोटांना रोज तेल चोळा.

मामा


५ मार्च

तीर्थरूप मामा,

देव आहे! आणि तो बहुतेक परवाना खात्यातच कामाला आहे.

काल सोमवारची सही करत होते, तर खिडकीवाले साहेब जाळीतून पुढे वाकून म्हणाले, “बाई, कुठे बोलू नका. दोनशे बाराचा दाखला अजून आलेला नाही. दरवर्षी जानेवारीत येतो.”

“म्हणजे?”

“एकतीस मार्चपर्यंत नाही आला, की माणूस गेला असं धरतात. मग तुमचा नंबर.”

“नाव काय हो त्यांचं?”

“नाव नाही सांगता येत. गोपनीय असतं.”

“मेलेल्या माणसाचं काय गोपनीय?”

“मेला हे अजून ठरलेलं नाही ना, बाई!”

माझ्यामागे दुसऱ्या नंबरावर कायम एकच गृहस्थ असतो. मे महिन्यातही गळ्यात मफलर, म्हणून त्याचं नावच मफलर. गाडी त्याची स्वतःची, परवाना दुसऱ्याचा, भाड्याने घेतलेला. तसे निम्मे लोक चालवतात. धारक घरी बसून भाडं खातो, चालवणारा तिसराच, आणि कागदावर दरवर्षी “वाहन स्वतः चालवतो”. खिडकीवाले साहेब रोज असल्याच टॅक्सीने घरी जातात. तर हा मफलर मला म्हणतो, “ताई, कोणाच्या मरणावर असं टपू नये.”

मी म्हटलं, “तुमचा कोण लागतो तो?”

तर मफलर नाकापर्यंत वर.

खरं सांगू, मामा? मी टपलेच आहे. वर्तमानपत्र उघडलं की आधी शेवटून दुसरं पान. चादरींची घडी घालताना एखादी जास्त चुरगळलेली दिसली की मनात येतं, ही त्याची तर नसेल? त्या म्हाताऱ्याचं माझं काही वैर नाही. त्याने शांतपणे जावं, झोपेत जावं, कोणाला त्रास न देता जावं. फक्त एकतीस तारखेच्या आत जावं. आणि गेलाच असेल तर घरच्यांनी आधीच दाखल्यावर अंगठा उठवून ठेवलेला नसावा.

असलं तुम्हालाच लिहिता येतं. ह्यांना सांगितलं तर ते त्या म्हाताऱ्यासाठी रडत बसतील.

तुमची,
भिंगरी


१८ मार्च

मा. परवाना अधिकारी यांस,

विषय : टॅक्सी परवाना क्र. २१२, धारक हयात असल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त परवान्याचा धारक मी खाली सही करणार हयात असून तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यास विलंब झाला त्याचे कारण, दाखला देणारे अधिकारी तिसऱ्या मजल्यावर बसतात, लिफ्ट जानेवारीपासून बंद आहे आणि अर्जदाराचे दोन्ही गुडघे त्याआधीपासून. काल दोन ठिकाणी बसून वर गेलो. अधिकाऱ्यांनी “आपण स्वतःच का?” असे विचारले. होय म्हणालो.

वाहन कोण चालवते : स्वतः.

तरी परवाना चालू ठेवावा ही विनंती.

आपला विश्वासू,
धारक, परवाना क्र. २१२


१९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मफलर म्हणतो ते बरोबर आहे. मरणावर टपू नये.

तो म्हातारा कोण आहे मला काय ठाऊक? पण म्हाताऱ्यांना हजार अडचणी असतात. जिने असतात. गुडघे असतात. दाखला उशिरा आला म्हणून माणूस मेला असं होत नाही. समज, उद्या त्याचा दाखला आला, तर त्याला शिव्या देऊ नकोस. त्याचंही काही अडत असेल. प्रत्येकाचं काही ना काही अडतं.

जास्त लिहीत नाही. मशीन चालू आहे, अक्षर हलतंय.

मामा


९ एप्रिल

तीर्थरूप मामा,

तुमच्या जिभेवर काय आहे कोण जाणे. दोनशे बारा जिवंत निघाला.

एकतीस मार्चला दहा दिवस असताना दाखला आला म्हणे. खिडकीवाले साहेब बिचारे ओशाळले, जणू त्यांनीच त्याला जगवला. आणि मफलरने काय करावं? रांगेतल्या सगळ्यांना चहा पाजला. मलाही एक कप. मी विचारलं कसला चहा, तर म्हणे असाच. मी प्यायले, मामा. माझ्या नशिबाच्या तेराव्याचा चहा मी स्वतः प्यायले.

तुम्ही शिव्या देऊ नको म्हणालात, म्हणून देत नाही. फक्त त्याला एकदा बघायचं आहे. घरात खाऊनपिऊन बसला असेल. गाडी चालवत नसणार, एवढं नक्की. भाडं येत असेल. आणि माझा सत्त्याऐंशी सोमवारांचा जन्म त्याच्या एका सहीखाली चेपला, हे त्याच्या गावीही नसेल.

परवा मी एक गोष्ट केली. करू नये अशी. जन्मदाखल्यावरचं साल खरवडून बघितलं, ब्लेडने. कागद फाटला. आता माझ्याकडे मी जन्मल्याचाही पुरावा धड राहिला नाही. हे बघत होते. डाव्या हाताने चिकटपट्टी आणून दिली.

मला उगीच वाटत होतं की रांगेत नीट उभं राहिलं की पुढे जातं. लहानपणापासून तेवढंच येतं मला. आता कळलं, रांग पुढे सरकत नाही, पुढचे मरतात. तेही मरत नाहीत.

तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. टॅक्सीवाल्यांत पेन्शन मिळालेले बहुतेक तुम्हीच एकटे असाल. जपून राहा.

भिंगरी


२० मे

तीर्थरूप मामा,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. माझ्या पत्राने दुखावलात का? की बरं नाही? गुडघ्यांचं काय म्हणता? तुम्ही मागे जिने-गुडघे असं काहीतरी लिहिलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. मी आपली माझंच रडगाणं गात होते. ह्यांनी एक गुडघ्याचा पट्टा शिवलाय तुमच्यासाठी, डाव्या हाताने. टाके वाकडे आहेत. धाडते.

माझं काय, तीस दिवस आहेत. मोजायचं बंद केलं म्हणते, पण मोजते.

दोन ओळी लिहा.

भिंगरी


२८ मे

चि. भिंगरी,

हे पत्र बसून वाच. जावईबापूंना वाचून दाखवू नकोस, आधी एकटी वाच.

दोनशे बारा मी आहे.

टॅक्सीवाल्याला पेन्शन कुठलं, वेडे? तुझ्या मनात कसं आलं नाही? माझ्या मुलाच्याही नाही आलं. इथे आलो तेव्हा परवाना परत करायला हवा होता. नाही केला. मफलरला भाड्याने दिला, तोच तुझ्यामागे उभा असतो तो. दर महिन्याला तो पाठवतो आणि मी टेबलावर पेन्शन म्हणून ठेवतो. ते ठेवतो म्हणून या घरात मला “बाबा, जेवायला चला” म्हणतात. नाही ठेवलं तरीही म्हणतील कदाचित. पण ते करून बघायची माझी छाती नव्हती.

तू मार्चमध्ये लिहिलंस, त्याने झोपेत जावं. मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तीन जिने चढलो. इतक्या वर्षांत काही एवढ्या जोराने केलं नव्हतं. कचेरीचा अर्ज लिहिताना कागदाखाली काही जाड हवं होतं, तर तुझंच पत्र घेतलं. हे तुला सांगायची गरज नव्हती. पण सांगतो.

तू साल खरवडलंस ते वाचून दोन दिवस जेवलो नाही. तरी गप्प बसलो. मग तुझं परवाचं आलं. शिव्या दिल्या असत्यास तर सोसल्या असत्या, तू पट्टा धाडलास. घातलाय. उजवीकडे थोडा घट्ट होतो.

तर आता ऐक. परवाना परत करण्याचा अर्ज आज नोंदणीकृत टपालाने धाडला. १९ जूनच्या आधी सगळं होईल. पत्रव्यवहाराला पत्ता तुझाच दिलाय, म्हणजे कचेरीचं उत्तर पहिलं तुझ्या हातात पडेल. मफलरला वेगळं पत्र टाकलंय. त्याच्या पोटावर पाय येतोय, पण तोही यादीत आहे, तरुण आहे.

अर्जात नववा रकाना आहे, “सध्या वाहन कोण चालवते?” नऊ वर्षं तिथे “स्वतः” लिहीत आलो. या वेळी पेन थांबलं. म्हटलं, आता पोरीच्या हातात जाणार हा कागद, त्याची सुरुवात खोट्याने नको. उद्या कोणी उकरलं तर तिच्या मानेवर बसेल. म्हणून सगळं खरं लिहिलं. मफलरचं नाव, पत्ता, नऊ वर्षांपासून चालवतो, किती भाडं देतो, सगळं. भाड्याने तर सगळेच देतात, त्यात लपवायचं काय? लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की पाकीट टाकायला चालत गेलो.

घरी सांगितलं, पेन्शन बंद झालं. सूनबाईने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मला माफ कर असं लिहीत नाही. तुझी आई असती तर तिने कान पिळला असता, तेवढं तू समजून घे.

मामा


१० जून

परवाना कार्यालय

प्रति : धारक, परवाना क्र. २१२
(धारकाने दिलेल्या, भाचीच्या पत्त्यावर)

आपला परवाना परत करण्याबाबतचा अर्ज प्राप्त झाला. अर्जातील रकाना ९ मधील आपल्या स्वतःच्या कबुलीनुसार सदर परवाना गेली नऊ वर्षे अन्य व्यक्तीस भाड्याने देण्यात आला असून हा परवान्याचा गैरवापर आहे. सबब परवाना परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो रद्द करण्यात येत आहे व क्रमांक २१२ कायमस्वरूपी खोडण्यात येत आहे. यापुढे शहरातील टॅक्सींची मंजूर संख्या ३९९ राहील.

रकाना ९ मध्ये नमूद व्यक्तीचे नाव प्रतीक्षा यादीतून वगळण्यात आले आहे.

प्रतीक्षा यादीतील क्रमांक १ यांना कळविण्यात येते की सध्या कोणताही परवाना रिक्त नाही. १९ जूननंतर त्यांनी सहीसाठी येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

सत्य माहिती दिल्याबद्दल कार्यालय आपले आभारी आहे.


२२ जून

तीर्थरूप मामा,

उशीर झाला लिहायला. तुमचं पत्र वाचून मी चिडले, हे लपवत नाही. दोन दिवस ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे दिसू नये. डबा काढताना दिसायचंच. तीन जिने चढलात, माझ्या विरुद्ध! एरवी शेजारच्या दुकानात जायला सोबत लागते तुम्हाला. पुष्कळ काही तुम्हाला मनातल्या मनात बोलले, ते सगळं तुमच्या बहिणीच्या आवाजात आलं. म्हणजे कान पिळून झाला असं धरा.

आता पुढचं. परवाना मिळाला. सतरा तारखेला. खिडकीवाले साहेब स्वतः उठून उभे राहिले, जाळीतून हात बाहेर येईना म्हणून नुसता हलवला. पतपेढीने गाडी दिली. जुनीच आहे, पण इंजिन गुणी आहे. घरमालकाने तीन महिने वाढवून दिले.

पहिलं गिऱ्हाईक एक आजी मिळाल्या, दवाखान्यातून घरी जाणाऱ्या. मागून सारख्या विचारत होत्या, “ड्रायव्हर कधी येणार?” मी म्हटलं, “आजी, गाडी चालतेय.” तेव्हा कुठे पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

तुमच्यामुळे झालं हे, मामा. नववा रकाना तुम्ही खरा लिहिलात ते बरंच झालं. आता त्याचा विचार करू नका. हे बोटांना तेल चोळतात.

इकडे यायची दगदग करू नका. मी दिवसभर बाहेर असते.

तुमची,
भिंगरी


३० जून

चि. भिंगरी,

पत्र तीनदा वाचलं. आजींचं चारदा. मुलाला वाचून दाखवायला गेलो तर तो फोनवर होता, म्हणून मशीनला वाचून दाखवलं.

दगदग नको म्हणतेस, पण मी येतोय. मंगळवारी, ९ तारखेला, सकाळी दहाची गाडी. स्टेशनावर घ्यायला तूच ये, टॅक्सी घेऊन. एकतीस वर्षं पुढे बसलो, आता एकदा मागे बसून तुझ्या मानेशी बोलायचंय. भाडं देणार, आधीच सांगतो.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. इथे कोणी काही म्हणत नाही, गैरसमज नको. फक्त ही खोली त्यांना दुसऱ्या कशाला तरी हवी आहे असं वाटतं, कारण माझा पलंग उभा केला तर किती जागा होईल ते परवा दोघं मोजत होते. मी पलंगावर होतो. ट्रंक घेऊन येतोय. तुझ्याकडे दार उघडल्यावर जेवढी जागा उरते तेवढी मला पुरे. आता तुझं चाललंय, म्हणून हक्काने लिहितो. नाहीतर लिहिलं नसतं.

दरवाजावर दोनशे बाराच रंगवलंयस ना?

मामा


४ जुलै

मफलरभाऊ,

तुम्ही माझ्याशी बोलत नाही ते योग्यच आहे, म्हणून लिहिते. नाव माहीत आहे आता, यादीतून वगळलेल्यांच्या फलकावर वाचलं. पण सात वर्षं ज्या नावाने हाक मारली तेच येतं हातात.

मामांनी खरं लिहिलं ते माझ्यासाठी. त्यांचं पत्र आलं त्याच दिवशी मी कचेरीत धावले होते, अर्जाचं पान बदलून घ्यायला. खिडकीवाले साहेब म्हणाले, “बाई, माझ्याकडे आलं असतं तर मीच खोडून ‘स्वतः’ केलं असतं. पण नोंदणीकृत टपाल, थेट वर उघडलं. आमच्या नोकरीत त्या रकान्यात खरं लिहिलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. वाचून वरच्या साहेबांना नियम शोधावा लागला.” तुमची रोजी गेली, यादीतलं नाव गेलं, मामांचं पेन्शन गेलं. माझं काही गेलं नाही, कारण माझ्याकडे काही आलंच नव्हतं.

मग मी मामांना लिहिलं की मला परवाना मिळाला. घरमालकाने तीन महिने दिले, त्या पत्रात एवढंच खरं आहे. आजींची हकीकत व्हॅनच्या वेळची, आणि त्या आजी नव्हत्या, गणिताच्या बाई होत्या. वाटलं, म्हाताऱ्याने सगळं दिलं, निदान ते पोचलं असं तरी त्याला वाटू दे. ते तिकडे, मी इकडे, निभेल. आता ते मंगळवारी ट्रंक घेऊन येतायत. कायमचे. माझं चाललंय असं समजून.

तुम्ही त्याच गाडीतून आता पाण्याचे कॅन पोचवता असं ऐकलं. मला ती मंगळवारी साडेनऊ ते अकरा हवी आहे. दरवाजावरचा आकडा तुम्ही पुसला असेल. मी परत काढीन, पाण्याने जाणारा रंग आणलाय. घरी पुठ्ठ्यावर सराव केला, दोनाची शेपटी जरा लांब होते. ह्यांनी डाव्या हाताने माझ्याहून बरं काढलं, ते येतील सोबत. अकरा वाजता धुऊन, पुसून, कॅन भरून गाडी तुमच्या दारात उभी असेल.

पकडले गेले तर गाडी मी न विचारता नेली असं सांगा. परवान्याशिवाय टॅक्सी चालवण्याची शिक्षा मी कचेरीतल्या फलकावर वाचली आहे. पाच वर्षं परवाना मिळत नाही.

मामांना खोटं सांगत राहायचा माझा बेत नाही. रोज सकाळी टॅक्सीवर म्हणून निघायचं आणि लाँड्रीत जायचं, हे मला जमणार नाही, आणि संध्याकाळी ते माझ्या मानेकडे बघून ओळखतील. स्टेशनापासून माझं घर वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं मी त्यांना नुसती फिरवीन. ते गिअर बदलायला शिकवतील, चूक काढतील, भाडं किती झालं विचारतील. मग नदीवरच्या पुलावर सांगेन. सगळं, नवव्या रकान्यापासून. मागे बसलेल्याला माझं तोंड दिसत नाही आणि मला त्यांचं दिसणार नाही, आरसा मी वर वळवून ठेवीन. पुलावर गाडी थांबवायला मनाई आहे. म्हणजे त्यांना उतरून ट्रंक घेऊन परत जाता येणार नाही, आणि मलाही मधेच थांबता येणार नाही.

पेट्रोल माझं. नाही म्हणायचं असेल तर सोमवारी रात्रीपर्यंत म्हणा. मंगळवारी सकाळी मी तुमच्या दाराशी रंगाचा डबा घेऊन उभी असेन.

भिंगरी